फोटोग्राफी क्लबमध्ये नवीन आहात? मग मीटिंग, फोटोवॉक आणि स्पर्धेची ही घ्या सगळी माहिती

कॅमेरा घेऊन झाला, यूट्यूब बघून अपर्चर-शटर-आयएसओ समजलं, इन्स्टावर मित्रमंडळी 'भारी रे' म्हणून गेली, आणि तरी आपले फोटो आहेत तिथेच अडकलेत असं वाटायला लागलं की बरेच जण क्लबकडे वळतात. आणि मग पहिल्याच मीटिंगला गांगरतात, कारण तिथे लोक 'हायलाइट उडाल्यात', 'मोनोत टाक', 'हा सलोनला जाईल' असलं काहीतरी बोलत असतात आणि आपल्याला कोणी काही नीट समजावून सांगत नाही. म्हणून हे लिहितोय. मी पुणं डोळ्यासमोर ठेवून लिहिलंय, पण मुंबई, नाशिक, कोल्हापूर कुठेही जा, हौशी क्लबची रीत थोड्याफार फरकाने हीच असते.

आधीच सांगून ठेवतो, क्लबमध्ये कॅमेरा चालवायला शिकवतील ही अपेक्षा ठेवू नका, ते आजकाल घरबसल्या होतं. क्लबचा खरा उपयोग म्हणजे आपण काढलेल्या दोनशे फोटोंतले कुठले दोन दाखवण्यासारखे आहेत हे कळायला लागतं. हे एकट्याने होत नाही, आणि लाईक मोजून तर अजिबातच होत नाही.

१. क्लब निवडताना काय बघायचं

गावात कुठले क्लब आहेत हे कॅमेऱ्याच्या जुन्या दुकानदाराला किंवा प्रिंट काढणाऱ्या लॅबवाल्याला विचारा, त्यांना सगळं ठाऊक असतं. मुंबईत तर फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ पासून आहे. आणि ही हौस आपल्याकडे त्याहून कितीतरी जुनी आहे बरं का, लंडनला फोटोग्राफिक सोसायटी निघाली १८५३ ला आणि मुंबईत लगेच १८५४ ला, भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या मुंबईच्या सोसायटीत होते.

क्लबमध्ये विचारायचे प्रश्न साधे आहेत. महिन्यातून एकदा तरी प्रत्यक्ष भेटता का? सभासदांचे फोटो पडद्यावर लावून त्यावर बोलता का? स्पर्धा बाहेरच्या परीक्षकाकडून तपासून घेता का? तिन्हीला 'हो' असेल तर वर्गणी भरून टाका. नुसता व्हॉट्सअॅप ग्रुप आणि दर महिन्याला ताडोबाची नाहीतर लडाखची टूर असेल तर तो क्लब नाही, ती ट्रॅव्हल कंपनी आहे. टूर वाईट असते असं नाही, पण तुम्हाला पाहिजे ती गोष्ट तिथे मिळणार नाही.

डीएसएलआर नाही, फक्त मोबाईल आहे म्हणून लाजू नका. बऱ्याच क्लबमध्ये मोबाईलची वेगळी कॅटेगरी असते, काही ठिकाणी ओपन कलरलाही (म्हणजे कुठल्याही विषयाचे रंगीत फोटो) चालतो. नवीन लेन्स मात्र क्लबमध्ये गेल्या गेल्या घेऊ नका, तिथे शेजारी बसलेल्याची सहाशे एमएम बघून खिसा खाजतो, सहा महिने तरी थांबा.

२. पहिल्या मीटिंगला फोटो न देता बसा

हे मी सगळ्यांना सांगतो आणि बहुतेक जण ऐकत नाहीत. पहिल्या मीटिंगला नुसतं बघायचं. कुठला फोटो लागल्यावर हॉल शांत होतो, परीक्षक कशावर अडतो, सीनियर लोक कशावर मान डोलावतात. एक खेळ करा, प्रत्येक फोटो पडद्यावर आला की मनात दहापैकी मार्क द्या आणि मग परीक्षकाने किती दिले ते बघा. तुमचे आणि त्याचे जुळले नाहीत तरी चालेल, का जुळले नाहीत हे कळलं पाहिजे. आणि कुणाच्या तरी शेजारी बसा, चहाच्या वेळी बोला. क्लबमध्ये काका, सर, मॅडम, दादा सगळे असतात आणि निम्म्यांना शिकवायची हौस असते, फक्त कोणीतरी विचारावं लागतं.

३. फोटोवॉक

फोटोवॉक म्हणजे क्लबने मिळून एखाद्या भागात फिरत फोटो काढणं. रविवारी पहाटे अंगात झोप असताना निघायचं असतं, पण क्लबची ओळख इथेच होते. मीटिंगमध्ये गप्प असणारा माणूस वॉकला तुमचा कॅमेरा हातात घेऊन सेटिंग लावून देतो.

पुण्यातले नेहमीचे वॉक म्हणजे मंडई, तुळशीबाग, जुने वाडे. महात्मा फुले मंडईत सकाळी लवकर जा, वर उंच छपराखाली अंधार आणि खाली गाळ्यांवर दिवे, त्यामुळे एक्सपोजरची चांगलीच परीक्षा होते. कॅमेरा ऑटोवर असेल तर तो अंधार बघून सगळंच उजळ करतो आणि भाजीवाल्या मावशींचा चेहरा पांढराफटक होतो, तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची सेटिंग) एक स्टॉप खाली घ्या. लांबून झूम लावून चोरून काढण्यापेक्षा जवळ जा, पावशेर मिरच्या घ्या, दोन शब्द बोला, मग विचारा. नाही म्हणाल्या तर नाही. लहान मुलांचे फोटो असतील तर आई-बापाला विचारल्याशिवाय स्पर्धेत देऊ नका. जुन्या वास्तूंमध्ये पुरातत्त्व खात्याची परवानगी नसेल तर ट्रायपॉड लावू देत नाहीत, तो आणून गेटवर हुज्जत घालू नका, सगळा ग्रुप खोळंबतो.

हिवाळ्यात पक्ष्यांचे वॉक असतात. जवळचं म्हणजे कवडीपाट, सोलापूर रोडला हडपसरच्या पुढे, तिथे चक्रवाक, शेकाट्या, धोबी हे पक्षी सहज मिळतात, फक्त नदीत फेस आणि प्लॅस्टिकही तितकंच मिळतं (याचं पुढे काम आहे, लक्षात ठेवा). लांबचं म्हणजे भिगवण, पुण्यापासून साधारण शंभर किलोमीटर, उजनीच्या बॅकवॉटरवर रोहित (फ्लेमिंगो) बघायला. उजाडायच्या आत बोटीत बसलेलं बरं. बोटीत ट्रायपॉडचा काही उपयोग नाही, बोट हलली की तोही हलतो, हातात धरूनच काढा. उडत्या पक्ष्याला शटर १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवा, त्यासाठी आयएसओ चढला तर चढू दे, थोडा नॉईज (दाणेदारपणा) चालतो पण हललेला पक्षी कुठेच चालत नाही. आणि एक विनंती, नावाड्याला 'जरा थवा उडवा की' असं सांगू नका. फ्लाइट शॉट मिळतो खरा, पण सगळा थवा एका फ्रेमसाठी दमवायचा हे बरोबर नाही, आणि चांगल्या क्लबमध्ये असलं केलेलं कळलं तर लोक तोंडावर बोलतात.

जेजुरीला जाणार असाल तर भंडाऱ्याचं भान ठेवा. ती हळद लेन्सच्या झूम रिंगमध्ये, माउंटमध्ये, सेन्सरवर कुठेही जाते. गडावर चढायच्या आधी लेन्स लावून टाका आणि खाली उतरेपर्यंत बदलू नका, पुढे यूव्ही फिल्टर, वर रेनकव्हर नाहीतर साधी पारदर्शक पिशवी आणि तोंडाला रबरबँड. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग ब्रश, ओल्या फडक्याने पुसलंत तर पिवळा लगदा होऊन बसतो.

वारीचं वेगळं सांगतो. माउलींची पालखी दिवे घाट चढते त्या दिवशी घाटात वारकऱ्यांइतकेच फोटोग्राफर असतात की काय असं वाटतं. घाटाचा वरून काढलेला नागमोडी शॉट आणि हात जोडलेल्या सुरकुतलेल्या आजोबांचा क्लोजअप, हे दोन फोटो पुण्यातल्या प्रत्येक परीक्षकाने शेकड्याने बघितलेत. काढा की, काढल्याशिवाय चैन पडणार नाही, पण स्पर्धेला दुसरं काहीतरी शोधा. विसाव्याला पाय चेपून घेणारे, पाण्याच्या टँकरभोवतीची गडबड, झाडाखाली दाढी करणारा न्हावी, असं बरंच काही असतं आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष नसतं. रिंगण चालू असताना घोड्याच्या वाटेत मात्र घुसायचं नाही.

४. महिन्याचा विषय आणि निवड

बहुतेक क्लब दर महिन्याला एक विषय देतात, 'सावली', 'हात', 'पाऊस', 'वाट' असं काही, आणि प्रत्येकाकडून दोन-तीन फोटो घेतात. नवीन माणूस लगेच हार्डडिस्क उघडून 'पाऊस' म्हणून जे काय पडलंय ते शोधतो. त्यापेक्षा विषय कळल्यावर दोन आठवडे त्यासाठी मुद्दाम फोटो काढा. जुना फोटो त्या विषयात ओढूनताणून बसवलेला परीक्षकाला चटकन कळतो.

आता निवड. हाच भाग सगळ्यात अवघड आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. फोटो काढल्या दिवशी निवडू नका, त्या दिवशी पहाटे उठल्याचा, चिखल तुडवल्याचा, पक्षी दोन तास वाट बघून आल्याचा सगळा आनंद त्या फोटोला चिकटलेला असतो आणि परीक्षकाला त्यातलं काहीच दिसत नसतं. आठवडाभर जाऊ दे. मग पहिल्या फेरीत फक्त नापास करा, हललेले, डोळा शार्प नसलेले, महत्त्वाचं काही कापलं गेलेले. दुसऱ्या फेरीत सगळे फोटो स्क्रीनवर अगदी छोटे करून बघा, स्टॅम्पएवढे. त्या साईझलाही काय आहे ते कळतं तो ठेवा. मोठ्या स्क्रीनवर डिटेल बघून आपण फसतो, छोट्यात नुसती रचना उरते. तिसऱ्या फेरीत उरलेले चार-पाच फोटो आडवे उलटे करा, म्हणजे डावं उजवीकडे, आणि चारही कडांवरून नजर फिरवा. कोपऱ्यात पांढरा ठिपका, अर्धी कापलेली फांदी, कुणाचं तरी कोपर, हे सगळं तेव्हा दिसतं, एरवी दिसत नाही.

तरी दोनांत ठरत नसेल तर घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याला फोटोग्राफीत काडीचा रस नाही. 'छान आहे का' असं विचारू नका, 'यात आधी काय दिसलं' एवढंच विचारा. तुम्हाला दाखवायचं होतं ते न सांगता दुसरंच काही सांगितलं तर तो फोटो बाजूला.

५. फाइल तयार करताना

इथे मार्क जात नाहीत, इथे एन्ट्रीच बाद होते. म्हणून नियम नीट वाचा, प्रत्येक क्लबचे जरा वेगळे असतात. साधारण असं असतं: जेपेग फाइल, कलर स्पेस (फाइलमध्ये रंग नोंदवायची पद्धत) एसआरजीबी, रुंदी जास्तीत जास्त १९२० पिक्सेल आणि उंची जास्तीत जास्त १०८०. हा आकडा प्रोजेक्टरवरून आलाय, फुल एचडी प्रोजेक्टर तेवढाच दाखवतो. नवीन लोकांचा घोळ उभ्या फोटोत होतो. 'लाँग साईड १९२०' करून मोकळे होतात, पण उभ्या फोटोत लांब बाजू म्हणजे उंची, आणि उंची १०८० च्या वर चालत नाही. डीपीआय (इंचाला किती ठिपके) ७२ ठेवू का ३०० ठेवू हा प्रश्न ग्रुपवर दर महिन्याला येतो, पडद्यावर दाखवायच्या फाइलला त्याने काहीही फरक पडत नाही, पिक्सेल तेवढे बरोबर हवेत.

एसआरजीबीचं कारण एवढंच, की अॅडोबी आरजीबीत सेव्ह केलेला फोटो प्रोजेक्टरवर किंवा साध्या स्क्रीनवर फिका, मेल्यासारखा दिसतो आणि मग तुम्ही हॉलमध्ये बसून 'माझ्याकडे असा नव्हता हो' म्हणत राहता.

नाव, सही, वॉटरमार्क फोटोवर टाकायचा नाही, कारण परीक्षकाला फोटो कोणाचा ते कळता कामा नये. फाइलचं नाव सांगितलंय तसंच द्या. फोटोला टायटल द्यायला सांगितलं तर कॅमेऱ्याचा नंबर ठेवू नका आणि 'जीवन एक संघर्ष' असलंही काही नको, 'मंडई, सकाळी सहा' पुरे. आणि व्हॉट्सअॅपवर पाठवायचं असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, साधा फोटो म्हणून पाठवलात की तो दाबून लहान करतो.

६. प्रिंटची स्पर्धा असेल तर

जरूर भाग घ्या, हल्ली प्रिंटला एन्ट्र्या कमी येतात आणि शिकायला जास्त मिळतं. नेहमीचा साईझ १२ बाय १८ इंच. कॅमेऱ्याचा ३:२ फोटो त्यात बरोबर बसतो, मोबाईलचा ४:३ असतो तो १२ बाय १६ ला बसतो, नाहीतर लॅबवाला त्याच्या मनाने कापतो. ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) १२ बाय १८ म्हणजे ३६०० बाय ५४०० पिक्सेल, पण कमी असतील तर घाबरू नका, २०० ला पण प्रिंट छान येते.

प्रिंट स्क्रीनपेक्षा काळपट येते ही सगळ्यांचीच तक्रार, आणि लॅबला शिव्या घालून उपयोग नाही, कारण बहुतेक वेळा आपल्या मॉनिटरचा ब्राइटनेस फुल असतो. तो निम्म्यावर आणा, मग एडिट करा, आणि मोठ्या प्रिंटआधी एक छोटी ४ बाय ६ काढून दिवसाच्या उजेडात बघा. कागद मॅट नाहीतर लस्टर (थोडीच चमक असलेला) घ्या, ग्लॉसीवर हॉलमधल्या ट्यूबलाइट चमकतात.

७. कॅटेगरी चुकवू नका

मोनोक्रोम म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटा, किंवा सगळ्या फोटोला एकच टोन, सेपिया वगैरे. पण ब्लॅक अँड व्हाइट फोटोत एकच छत्री लाल ठेवलीत की तो मोनो राहत नाही, तो कलरमध्ये द्यायचा. (माझं ऐकाल तर कशातच देऊ नका.)

नेचरचे नियम सगळ्यात कडक. फियाप, म्हणजे १९५० साली सुरू झालेली फोटोग्राफी संघटनांची आंतरराष्ट्रीय संस्था, अमेरिकेची पीएसए (फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका) आणि इंग्लंडची रॉयल फोटोग्राफिक सोसायटी या तिघांनी मिळून नेचरची व्याख्या ठरवलीय आणि आपले क्लबही साधारण तीच धरतात. क्रॉप चालतो, एक्सपोजर-रंग थोडे नीट केलेले चालतात, पण चित्रात काही घालायचं नाही, काही काढायचं नाही, काही हलवायचं नाही. आता कवडीपाटच्या नदीतलं ते प्लॅस्टिक आठवा. चक्रवाक सुंदर आलाय आणि बाजूला बाटली तरंगतेय. पुसून टाकलीत तर नियम मोडला, ठेवलीत तर माणसाच्या वस्तू दिसल्या म्हणून गेलात. मग मार्ग दोनच, क्रॉपमध्ये ती बाहेर जाते का बघा, नाहीतर फोटो ओपन कलरमध्ये द्या, तिथे पुसायला बंदी नाही. अर्थात सगळ्यात बरं म्हणजे काढतानाच दोन पावलं सरका.

म्हशीच्या पाठीवर बसलेला बगळा, हा आपल्याकडचा लाडका फोटो, पण तो नेचरला चालत नाही कारण म्हैस पाळीव. कुंडीतला गुलाब आणि शेतातलं सूर्यफूल पण नाही. प्राणिसंग्रहालयातला वाघ वाइल्डलाइफच्या बक्षिसाला चालत नाही. घरट्यातल्या पिल्लांचे फोटो बरेच क्लब घेतच नाहीत आणि माझ्या मते बरोबरच करतात. एआयने बनवलेला किंवा एआयने आकाश बदललेला फोटो देऊ नका, वर आलात तर रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, न बदललेली फाइल) मागतात आणि तिथे सगळं बाहेर येतं.

८. जजिंगची संध्याकाळ

फोटो एकेक करून पडद्यावर येतात, परीक्षक बोलतो, मार्क देतो. तुमचा आला की हात वर करून 'अहो तिथे जागाच नव्हती मागे जायला' असं सांगायचं नाही. कोणी विचारत नाही आणि त्याने मार्क वाढत नाहीत. वहीत लिहून घ्या, परीक्षक जे बोलला ते शब्दशः. चार-पाच महिन्यांनी ती वही चाळलीत की एकच गोष्ट परत परत दिसते, कोणाचं नेहमी 'बॅकग्राउंड बिझी', कोणाचं 'हॉरिझॉन तिरकं', कोणाचं 'फ्रेम घट्ट करा'. तेवढं एक सुधारलं तरी मार्क वर जातात.

परीक्षकाचं सगळं ऐकायचं असंही नाही. काही परीक्षकांना रूल ऑफ थर्डच्या (विषय फ्रेमच्या एकतृतीयांशावर ठेवायचा नियम) पलीकडे काही दिसत नाही, काहींना रस्त्यावरच्या म्हणजे स्ट्रीट फोटोंचं वावडं असतं, काही स्वतःच्याच फोटोंच्या गोष्टी सांगत बसतात. माझा हिशोब असा, एकाने सांगितलं तर विचार करा, वेगवेगळ्या तिघांनी तेच सांगितलं तर मुकाट्याने बदला. नंतर तो फोटो घरी परत एडिट करून बघा आणि पुढच्या मीटिंगला चहाच्या वेळी सीनियर कोणाला तरी दाखवा. हे दुसऱ्यांदा दाखवणं कोणी करत नाही म्हणून जो करतो तो लक्षात राहतो.

९. मग सलोन

वर्षभर क्लबमध्ये रुळलात की कोणीतरी म्हणेल, आता सलोनला टाक. म्हणजे मोठ्या, बहुतेक आंतरराष्ट्रीय स्पर्धा. तिथे सहसा तीन परीक्षक असतात, प्रत्येकाने पाचपैकी मार्क दिले की बेरीज पंधरापैकी होते, आणि ठरावीक बेरजेच्या वरचे फोटो 'अॅक्सेप्ट' होतात. एकेका फोटोला काही सेकंदच मिळतात, त्यामुळे हळूहळू उलगडणारे शांत फोटो मागे पडतात आणि धडाकेबाज फोटो पुढे जातात. तुमचा आवडता फोटो पडला तर याचा अर्थ तो वाईट होता असा घेऊ नका. असे अॅक्सेप्टन्स साठत गेले की फियापचे किताब मिळतात, एएफआयएपी आणि पुढे ईएफआयएपी, आणि लोक ते नावामागे लावतात.

खर्चाचं बघा पण. प्रत्येक सलोनला प्रवेश फी असते आणि एकाच वेळी चार-चार सलोनचं सर्किट असतं, नाद लागला की पैसे कधी गेले कळत नाही. भरायच्या आधी त्या स्पर्धेला फियाप, पीएसए किंवा आपल्याकडच्या फेडरेशन ऑफ इंडियन फोटोग्राफीची मान्यता आहे का ते त्या संस्थेच्याच यादीत जाऊन तपासा, नुसता पोस्टरवर लोगो बघून नाही. आणि अटींमध्ये तुमचे फोटो आयोजक कशासाठी वापरणार ते वाचा, कॅटलॉगसाठी वापरणं ठीक, जाहिरातीसाठी फुकट वापरायचे हक्क लिहून मागत असतील तर सोडून द्या.

१०. प्रदर्शन

बऱ्याच क्लबचं वार्षिक प्रदर्शन १९ ऑगस्टच्या, म्हणजे जागतिक छायाचित्रण दिनाच्या आसपास असतं, १८३९ साली त्या दिवशी फ्रान्सने दागेरची फोटो काढायची पद्धत जगाला खुली केली म्हणून. पुण्यात बालगंधर्वचं कलादालन अशा प्रदर्शनांनी गजबजलेलं असतं. तुमचा फोटो निवडला गेला नाही तरी आदल्या दिवशी लावायला जा. फ्रेम एका रेषेत टांगणं, उंच फोटो कुठे आणि शांत फोटो कुठे लावायचा यावरून होणारी भांडणं, कुठल्या दोन फोटोंना शेजारी ठेवलं की दोघंही मरतात, हे तिथे उभं राहूनच कळतं. आणि प्रदर्शनाच्या दिवसांत एखादी ड्यूटी मागून घ्या, कोपऱ्यात खुर्ची टाकून बसा आणि लोक कुठल्या फोटोपुढे थांबतात, कुठल्या पुढून सरळ निघून जातात ते बघत राहा. जाताना सोबत नायलॉन दोरी, डबल टेप, कात्री आणि मेजरिंग टेप घेऊन जा, या वस्तू आयत्या वेळी कोणाकडेच नसतात.